एकुलता एक गोल

माझी थाप मला चार रंगांत छापलेली दिसली आणि तोंडातला पावाचा घास गिळवेना. तो घशाखाली जाईना आणि बाहेरही येईना. जिभेवर नुसता फुगत राहिला, पतंगाच्या खळीसारखा. सॅन होजेच्या पूर्वेला पोर्तुगीजांची वस्ती आहे. तिथल्या दोना ओलिंदाच्या बेकरीत मी दर बुधवारी बस बदलून जातो, कारण आमच्या क्युपर्टिनोतल्या सुपरमार्केटात पाव म्हणून जे विकतात ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेलं उशीचं पोट आहे. दोना ओलिंदाचा पाव कडक, वर पीठ भुरभुरलेला, लहानपणी म्हापशाला पोदेर, म्हणजे पाववाला, टोपलीतून आणायचा तसा. तो मी घरी न्यायची वाट बघत नाही, दुकानातच उभ्यानं मोडतो. त्या बुधवारीही मोडला, पहिला घास घेतला आणि काचेवर चिकटवलेला कागद पाहिला. हिरव्यागार कार्पेटवर उभा असलेला माझा फुटबॉलवाला दोस्त आर्मिंदो, शेजारी कोल्ह्याचं सोंग घेतलेला कुणी माणूस, जीभ हातभर बाहेर. वर इंग्रजीत लिहिलेलं: चमत्काराचा गोल! भर वादळात, अर्ध्या मैदानावरून मारलेला, बुडत्या क्लबला तारणारा गोल, त्याच वीराच्या त्याच पायानं, येत्या शनिवारी मध्यंतरात पुन्हा पाहा! आणि खाली कोपऱ्यात चर्चची घंटा, तुटक्या दोरीची. वादळ माझं होतं. तारणं माझं होतं. दोरी तुटेस्तोवर घंटा बडवणारा पाद्री तर अस्सल माझा होता, घरच्या गायीच्या तुपासारखा. आर्मिंदोचं त्या कागदावर काय होतं म्हणाल, तर मिशी.

"पाहिलंत, सिन्योर त्रिंबक?" दोना ओलिंदा गल्ल्यामागून म्हणाली. तिचं पोर्तुगीज पोर्तुगालच्या एका बेटावरचं, शब्द चावून बोललेलं. "माझ्या मुलीनं वाचून दाखवलं. वर्षभर हा माणूस इथून पाव नेतो, आणि एका शब्दानं बोलला नाही! असा गोल केलेला माणूस! येऊ दे रविवारी चर्चमधली मिसा संपल्यावर, सगळ्या गावासमोर त्याचे दोन्ही गाल चुंबते आणि विचारते, लबाडा, आमच्यापासून काय लपवतोस?" मी मान हलवली. तोंडात घास असलेल्या माणसाला मान हलवायची मुभा असते. मग बाहेर येऊन तो घास रुमालात थुंकला, रुमाल कोटाच्या खिशात ठेवला आणि बसथांब्यावर उभा राहिलो. रुमालातून ओल मांडीपर्यंत झिरपत होती. रविवारी मिसा संपल्यावर. म्हणजे रविवारी आर्मिंदोला त्याच्याच भाषेत कुणीतरी माझी थाप ऐकवणार होतं.

थापेबद्दल मला कधी लाज वाटली नव्हती. लोणकढी थाप ही पाककृती आहे. तिला आच लागते, ढवळणं लागतं, करपायच्या आत उतरवावी लागते. मुरगावच्या बंदरात कस्टमच्या नोकरीत मी अर्धं आयुष्य घालवलं, आधी पोर्तुगीजांच्या, मग आपल्या. दोन्ही सरकारांनी मला एकच गोष्ट शिकवली, की पेटीत काय आहे यापेक्षा पेटीत काय आहे म्हणून सांगितलं हे जास्त टिकतं. मुलानं, श्रीरंगनं, मला इकडं आणलं तेव्हा इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळे एंजिनियर, मोजून बोलणारे. घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या त्यांच्या पॉटलकला सावर क्रीमचं श्रीखंड असायचं, त्याला आंबट-तेलकट असा एक वास, आणि पालकाची अळुवडी. ते सगळं प्लेटमध्ये घेऊन बायाबापड्या "अगदी घरच्यासारखं" म्हणायच्या. मला वाटायचं, हे जर श्रीखंड तर माझी थापही खरीच. तेव्हा मी त्यांना सांगितलं की मांडवीत एक सुसर होती, ती पोर्तुगीजांचं राष्ट्रगीत सुरू झालं की पाण्याबाहेर येऊन उभी राहायची, आणि एकसष्ट साली गोवा मुक्त झाला त्या दिवशी ती चुकून उभी राहिली म्हणून आपल्या जवानांनी तिला अटक केली. लोक हसून लोटपोट. नंदू जोगळेकर दर वेळी म्हणायचा, "काका, ती सुसर पेन्शनला बसली की नाही हो?" सूनबाई मात्र हसत नसे. विनीता नागपूरची, सुसर ऐकून नुसती म्हणायची, "बाबा, श्रीखंड संपवा." ती एका कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करते. घरी आल्यावरही हात थांबत नाही.

आर्मिंदो तावारीस मला भेटला तो या बेकरीतच, इथली फुटबॉलची मोठी लीग बुडाली त्या हिवाळ्यात. मी पाव मागितला तर मागून कुणीतरी खुदकन हसलं. "माफ करा," तो म्हणाला, "पण तुम्ही माझ्या आजोबांच्या नोटरीसारखं बोलता." पणजीच्या लिसेवमध्ये मला जे पोर्तुगीज शिकवलं ते बहुधा पोर्तुगालात नोटरींबरोबरच मेलं होतं. उंच माणूस, मधोमध वाकलेला, कपाळाला हाडाचं एक टेंगूळ, सदतिशीतच म्हातारा झालेला. बोलताना कुठंही जोर न देणारा. समुद्रकाठच्या गावचा, आई सार्डिन डब्यात भरायच्या कारखान्यात. सोळाव्या वर्षापासून बचावात, बॅकला खेळत होता, लहान क्लबात, मग त्याहून जरा मोठ्या. इकडं अमेरिकेत फुटबॉलची लीग निघाली, युरोपातून माणसं टोपलीनं आणली, त्यात हाही आला. तिथला ट्रेनर हातवाऱ्यांनी बोलायचा, तेव्हा इंग्रजीवाचून अडलं नाही. ती लीग बुडाली. मग हॉलमधला खेळ उरला. आईस-रिंकवर बर्फ तसाच ठेवून वर फळ्या, फळ्यांवर हिरवं कार्पेट, चारी बाजूंना भिंत. एका बाजूला सहाच माणसं, आणि चेंडू भिंतीवर आपटून परत येतो, कधी मरतच नाही. "बाहेर जाणं हा चेंडूचा हक्क आहे," आर्मिंदो म्हणायचा. "तो इथं काढून घेतलाय."

मी एकदा त्याला विचारलं, तुझ्या कारकिर्दीतली एखादी गोष्ट सांग. कुठलीही, जरा रंगणारी. त्यानं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "एकदा एक विंगर होता, फार वेगवान. त्या दिवशी त्याला काही करता आलं नाही." मग? "मग काही नाही. ड्रॉ झाला." दुसरी? "एकदा शेवटच्या मिनिटाला कॉर्नर होता. मी डोक्यानं बाहेर काढला." पुढं काय झालं? "काही झालं नाही, सिन्योर त्रिंबक. बॅकनं काम नीट केलं की काही होत नाही." आयुष्यभर मी न घडलेल्या गोष्टी सांगत आलो, आणि हा आयुष्यभर गोष्टी न घडवत आला. आम्ही दोघं एकाच पेठेतले व्यापारी, फक्त त्याच्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं. धोका टळला की तो गोलकीपरकडं बघून एक हात खांद्याइतका वर करायचा, झालं, सगळं ठीक, असा. बोलताना एखादा पेच आठवून संपला की तिथं बेकरीतही तो हात वर जायचा. पिठानं पांढरा.

मग रँडल. हा माणूस कार्पेट विकायचा, भिंतीपासून भिंतीपर्यंत, आणि म्हणून त्यानं हॉलमधल्या फुटबॉलची टीम विकत घेतली होती: कोयोटीज, म्हणजे कोल्हे. मैदान म्हणजे तरी काय, कार्पेटच. आर्मिंदोला त्याच्याकडं काम मागायला जायचं होतं तेव्हा दुभाषा म्हणून मला नेलं. दुकानात शिरलो तर नव्या कार्पेटचा वास नाकात गेला, डिंक, रबर आणि तळात कुठंतरी सडकी अंडी. त्या वासात तो माणूस दिवसभर पिवळे पॉपकॉर्न खात बसायचा, हाताला लोण्याचा लेप. त्याच हातानं त्यानं आमच्याशी शेकहँड केला. मी तो हात नंतर पँटला पुसला, तर पँटला वास लागला. "ओके," रँडल म्हणाला, "गोल किती मारलेत यानं?" मी विचारलं. आर्मिंदो म्हणाला, "एक." आणि त्याला विचारलं नसताना, कारण अर्धवट उत्तर देणं त्याला जमतच नसे, तो पुढं बोलत राहिला. सीझनचा शेवटचा सामना. ड्रॉ झाला असता तरी क्लब वाचला असता. धुकं. मैदानाच्या मध्याजवळ चेंडू त्याच्या पायाशी आला, समोर दोघं धावून येत होते, म्हणून त्यानं तो मागं, आपल्याच गोलकीपरकडं उंच टाकला. गोलकीपर पुढं आला होता, कुणाला तरी ओरडत. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, आपल्याच जाळ्यात. क्लब खालच्या डिव्हिजनला गेला, पुढल्या वर्षी बंद पडला. "मी गावात पाव आणायला गेलो तरी पोरं मागून धुकं-धुकं म्हणायची," आर्मिंदो म्हणाला. "म्हणून इकडं आलो. इथं कुणाला माहीत नाही. याला सांगा, मी गोल करणारा नाही. मी बॅक आहे."

आता दयेनं केलं म्हणालो तर ती आणखी एक थाप. पहिल्या वाक्याला दया होती, कबूल. हे असंच्या असं सांगितलं तर कार्पेटवाला त्याला दारातून परत पाठवणार, आणि आर्मिंदोला खेळाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. पण दुसऱ्या वाक्यापासून नुसती चव. "एकच," मी इंग्रजीत म्हणालो, "पण कसला!" आणि जिभेला आच लागली. धुक्याचं वादळ झालं. ड्रॉचा पराभव झाला, पराभवाचा विजय. चेंडू मध्यापासून निघाला तो वाऱ्यावर बसून, समोरच्या गोलकीपरची टोपी घेऊन जाळ्यात गेला, आणि गावच्या पाद्र्यानं घंटेची दोरी तुटेस्तोवर वाजवली. रँडलचं तोंड उघडं राहिलं, जिभेवर पिवळं पीठ. शेजारी आर्मिंदो मान हलवत होता, कारण मी "मध्यापासून" म्हणताना हात तसाच केला होता जसा त्यानं केला होता, आणि त्याला वाटलं मी नेटकं भाषांतर करतोय. रँडल टेबलावर थाप मारून म्हणाला, "त्याला म्हणावं, घेतला! आणि दर शनिवारी मध्यंतरात तो गोल लोकांना करून दाखवायचा." मी आर्मिंदोला सांगितलं, "ठेवलं म्हणतो. आणि तो गोल मध्यंतरात करून दाखव म्हणतो." इथं एकही शब्द खोटा नव्हता. आर्मिंदो खाली कार्पेटकडं बघत राहिला. "तो?" "तोच." "लोक हसतील." मी म्हणालो, "अमेरिकन लोक हसतात, पण ठेवून घेतात." त्यानं एकदा रँडलकडं पाहिलं, जसं पावसाकडं पाहावं, आणि हो म्हणाला.

तेव्हापासून दर शनिवारी मी ते पाहत आलो. विनीता मला गाडीनं सोडायची, पार्किंगमध्येच कसलंतरी प्रिंटआउट वाचत बसायची आणि परत न्यायची. खेळाडूंच्या वासाला ती वैतागायची. आर्मिंदोला घरी सोडायचा असला की हिवाळ्यातही "काचा खाली करा, बाबा" म्हणायची. आत दिवे जायचे, धूर सोडायचे, भोंग्यातून घंटा वाजायची. मध्यावर आर्मिंदो. गोलमध्ये कोल्ह्याचं सोंग घेतलेला माणूस, पंज्याएवढे हातमोजे. चेंडू घरंगळत यायचा, आर्मिंदो तो उंच टाकायचा, कोल्हा उलटा पडायचा, आणि लोक उभे राहायचे. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. पॉपकॉर्न, मोहरीची पिवळी चटणी, घामेजलेले पोरगे आणि खाली फळ्यांच्या फटींतून येणारा बर्फाचा अमोनिया, या सगळ्याचा मिळून एक ढेकर यावा तसा तो आवाज यायचा. आणि आर्मिंदो त्या आवाजात डोळे मिटून उभा. लोकांना वाटायचं भरून आलंय त्याला. मला एकट्याला माहीत होतं की हा फटके खातोय. आपल्याच जाळ्यातल्या गोलाला माणसं टाळ्या का वाजवतील? टर उडवायलाच. म्हणून तो तिथं दर शनिवारी आपल्या गावच्या पोरांसमोर उभा राहत होता, आणि पोरं या वेळी हजारांनी होती. सहन करणं संपलं की खाली मान घालून बाहेर यायचा. पहिल्या शनिवारी मला मजा वाटली होती, हेही सांगून टाकतो. दोन्हीकडची पानं मला दिसत होती, आणि पत्त्यांत तसं दिसलं की हसू येतंच. दुसऱ्या शनिवारी कमी. नंतर नंतर त्या टाळ्या सुरू झाल्या की जिभेवर सावर क्रीमचं श्रीखंड आल्यासारखं व्हायचं. मंडळात लोक विचारायचे, "काका, तुमचा पोर्तुगीज वीर काय म्हणतो?" आणि मी पाद्र्याला एक लंगडा भाऊ जोडून द्यायचो. थांबवत नव्हतं. उलटी आवरता येत नाही तसंच ते.

बुधवारी ठरवलं की आजच सांगायचं. गुरुवारी ठरवलं की शुक्रवारी. रुमाल धुवायला टाकायचा राहिला. खिशात हात गेला की तो वाळलेला गोळा बोटाला लागायचा, आंबूस. रविवारी दोना ओलिंदा त्याच्याशी बोलली की त्याला सगळ्या गावासमोर कळणार, आणि माझ्या तोंडून नाही. शनिवारी संध्याकाळी विनीतानं पार्किंगमध्ये गाडी लावली आणि किल्ली काढता काढता म्हणाली, "बाबा, तुम्ही आज गाडीत एकही गोष्ट सांगितली नाही. बरं नाही का?"

"पोट बिघडलंय."

"त्या बेकरीतला पाव शिळा असेल."

"पाव ताजा होता, मीच शिळा आहे."

तिनं हातातलं प्रिंटआउट मागच्या सीटवर टाकलं. "मी येऊ का आत?" असं तिनं कधी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो.

खेळाडूंच्या खोलीत आर्मिंदो एकटा बाकावर बसला होता. कार्पेटवर घसरलं की कातडी भाजल्यासारखी निघते. त्याच्या गुडघ्यांच्या खपल्या मोज्यांना चिकटल्या होत्या आणि तो गरम पाण्याचा फडका लावून मोजा इंच इंच सोडवत होता. मोज्यावर पिवळसर डाग. खोलीला मलमाचा, ओल्या रबराचा आणि कालच्या घामाचा वास. पुढं भिंतीवर तोच चाररंगी कागद.

"आर्मिंदो, ते हसत नाहीत," मी म्हणालो.

"कोण?"

"बाहेरचे. त्यांच्या टाळ्या खऱ्या आहेत. त्यांना वाटतं तू तो गोल समोरच्यांवर केलास. त्या गोलानं तुझा क्लब वाचला असं त्यांना वाटतं."

त्याचा हात मोज्यावर थांबला. "असं त्यांना का वाटतं?"

"मी सांगितलं म्हणून. रँडलला. त्या दिवशी, दुकानात."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं; चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं. त्याची आई कारखान्यात सरकत्या पट्ट्यासमोर उभी राहायची, खराब मासा हाताला लागला की ओरडायची नाही, बघायचीसुद्धा नाही, नुसता बाजूला टाकायची. हे त्यानंच मला सांगितलं होतं. तसं त्यानं मला बाजूला टाकलं, बसल्या जागी, नजर वळवून. मग भिंतीवरच्या कागदाकडं बराच वेळ पाहिलं.

"घंटा कसली?"

"ती... पाद्र्यानं वाजवली म्हणून सांगितलं."

"आमचा पाद्री बहिरा होता," आर्मिंदो म्हणाला. मग मोजा एका झटक्यात ओढला. खपलीसकट. "सिन्योर त्रिंबक, मी दर शनिवारी म्हणायचो, हसू देत. केलंय ते मी केलंय. आपल्या अंगावरची घाण आपली असते, ती घेऊन उभं राहता येतं. पण ही तर दुसऱ्याची आहे. इतके दिवस मी दुसऱ्याची घाण अंगावर घेऊन उभा होतो, आणि ते मला अत्तर समजून हुंगत होते."

"मी आत्ता जाऊन रँडलला सांगतो..."

"नको. तुम्ही काही सांगितलं की त्याला पानं फुटतात." त्यानं बुटाची नाडी आवळली, दुहेरी गाठ मारली, आणि गेला.

विनीता भिंतीला टेकून उभी होती. तिला पोर्तुगीज ओ की ठो कळत नाही. "काय म्हणाला?" तिनं विचारलं. आम्ही वर जाऊन बसलो. तिनं पदराचं काम ओढणीनं केलं, नाकाला लावली. पहिला अर्धा भाग मी पाहिलाच नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक बाप पोराला मांडीवर घेऊन माझीच गोष्ट सांगत होता, "अँड द प्रीस्ट रँग द बेल, सो हार्ड..." आणि पोरगं लोण्याच्या हातानं टाळ्या पिटत होतं. माझी गोष्ट मला परक्याच्या तोंडून ऐकू आली, आणि ती चघळून थुंकलेली, पुन्हा चघळलेली, कोमट होती. दिवे गेले. धूर आला. घंटा झाली. मध्यावर आर्मिंदो, आज डोळे उघडे.

चेंडू घरंगळत आला. त्यानं तो तळव्याखाली दाबून थांबवला, जागच्या जागी. कोल्हा पंजे पसरून नाचला. लोक उठू लागले, टाळ्यांसाठी हात वर. आर्मिंदोनं डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, त्या रिकाम्या कार्पेटवर कोण धावून येत होतं ते त्यालाच दिसत होतं. मग तो वळला, गोलकडं पाठ केली, आणि चेंडू मारला. सरळ, उंच, भिंतीवरून, काचेवरून, दिव्यांच्या वरच्या अंधारातून पलीकडच्या रिकाम्या खुर्च्यांत. बाहेर. चेंडू एकेका खुर्चीवर आपटत खाली येत राहिला आणि सगळ्या हॉलमध्ये तेवढाच आवाज होता. तो थांबला. आर्मिंदोनं कोल्ह्याकडं पाहिलं आणि एक हात खांद्याइतका वर केला.

मग हुर्यो उडाली. पॉपकॉर्न, कागदी पेले, अर्धा चावलेला सॉसेज, सगळं त्या हिरव्या कार्पेटवर पडत होतं, आणि त्याच्यातून तो चालत येत होता. त्या माणसाला मी वर्षभर ओळखत होतो. हसताना त्याचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

रँडलनं आम्हाला खालच्या बोळात गाठलं. चेहरा बीटासारखा, ओठांवर मीठ. "हे काय होतं? विचार त्याला! काय होतं हे?" मी विचारायच्या आधीच आर्मिंदोनं ओळखलं. "त्याला धुक्याचं सांगा," तो म्हणाला. "जसं आहे तसं. वर एक शब्द नको." माझ्या जिभेवर तेव्हा दुसरी गोष्ट तयार होती, गरमागरम: आर्मिंदोची आई आजारी आहे, त्यानं फातिमाच्या मातेला नवस बोललाय, ती बरी होईस्तोवर जाळ्यात चेंडू घालणार नाही. रँडल रडला असता. पुढल्या शनिवारी मेणबत्त्या विकल्या असत्या. ती गोष्ट मला तोंडात जाणवली, मऊ, कोमट, फुगत चाललेली, बुधवारच्या घासासारखी. मी ती गिळली. आणि धुकं सांगितलं. दोघं धावून येत होते ते सांगितलं. गोलकीपर, डोक्यावरून, आपलंच जाळं. क्लब बंद पडला. आणि मधली सगळी भर माझी, हेही. सांगून झालं तर फार थोडं झालं होतं.

रँडल डोळे बारीक करून बघत राहिला. मग त्याच्या पोटातून हसू सुटलं, खोकला लागेपर्यंत. "स्वतःच्याच? अरे, हे तर बेटर आहे! शंभर पट! हेच करू! कोल्हा रडेल, घंटा वाजेल, लोकांना असलं जास्त आवडतं! जगातला सगळ्यात वाईट गोल! दर शनिवारी!" त्याचा लोण्यानं माखलेला हात आर्मिंदोच्या खांद्यावर पडला. मी आर्मिंदोला सांगितलं, शब्दाला शब्द, कोल्हा रडेल इथपर्यंत.

"नाऊं," आर्मिंदो म्हणाला.

त्या शब्दाला दुभाषा लागला नाही. रँडलचं हसू गेलं. "मग सोमवारी यायचं नाही म्हणावं." तेही मी सांगितलं. आर्मिंदोनं जर्सी काढली, बाह्या आत घालून नीट घडी केली, कारण कुणीतरी धुतलेली होती ती, आणि रँडलच्या पॉपकॉर्नच्या डब्यावर ठेवली.

गाडीत तो मागं बसला, उघड्या अंगावर नुसता कोट, मांडीवर पिशवी. खपल्या निघालेल्या गुडघ्यांतून पँटला ओल आली होती. मी खिशातून रुमाल काढून पार्किंगमधल्या पिंपात टाकला आणि पुढं बसलो. विनीतानं गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही.

"बाबा, लोक एवढे का ओरडले? काय झालं?"

"काही नाही झालं."

"काही नाही?" तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "तुम्ही, आणि एवढ्यावरच थांबलात?"

"काय विचारते?" मागून आर्मिंदो. मी सांगितलं काय विचारते, आणि मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. गाडी फाटकातून बाहेर पडली.

"दोना ओलिंदाचा भट्टीवरचा माणूस बेटावर परत गेलाय," तो म्हणाला. "तिला पहाटेला कुणीतरी हवं आहे. उद्या मिसा झाल्यावर विचारेन. आणि गोलाचंही तिला मीच सांगेन, सगळ्यांसमोर."

"मी येऊ?"

"यायचं. माझ्या शेजारी उभं राहायचं." तो थांबला. "आणि गप्प बसायचं."

गाडीत मलम, घाम, ओलं रबर आणि रक्त यांचा वास भरला होता, दाट, डोळ्यांत जाणारा. विनीतानं सिग्नलला गाडी थांबवली, नाकाला ओढणी लावली आणि माझ्या बाजूच्या काचेकडं बघितलं. हँडल माझ्या हाताशीच होतं. मी हात मांडीवर ठेवला. सिग्नल हिरवा झाला आणि तिनंही तिची काच तशीच राहू दिली.